मार्चिंग बँडमधल्या मुलीची नडगी दुखतेय, दाखवायचं कुणाला?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईची मुलगी मिडवेस्टमधल्या मोठ्या सरकारी विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या मार्चिंग बँडमध्ये, म्हणजे फुटबॉल सामन्यांत मैदानावर चालत, रचना करत वाजवणाऱ्या बँडमध्ये, टेनर ड्रम (अंगावर अडकवायचा अनेक ड्रमांचा संच) वाजवते. तीन आठवडे तिची उजवी नडगी दुखतेय, कंबरही धरते. फुटबॉल संघाच्या ट्रेनरने "आम्ही फक्त खेळाडूंना बघतो" म्हणून परत पाठवलं. विद्यार्थी आरोग्य केंद्राने "दोन आठवडे बँड बंद" सांगितलं, ते तिने ऐकलं नाही. विमा आई-वडिलांच्या न्यू जर्सीच्या पॉलिसीतला. आईला विचारायचंय की हिला नेमकं कुठे दाखवावं, आणि बँड सोडायला लावावं का.

ताई, तातडीचं आधी सांगते. आज रात्री तिला फोन करून एवढंच करायला सांगा: नडगीची आतली कड बोटाने दाबत गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत यायचं. दुखणं वीतभर पट्ट्यात पसरलेलं असेल, सराव सुरू करताना जास्त आणि अंग गरम झाल्यावर थोडं कमी होत असेल, तर बहुतेक वेळा ते ताणाचं दुखणं असतं. इथे सगळे त्याला शिन स्प्लिंट्स म्हणतात. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी बोट ठेवताच ती कळवळली, साधं चालतानाही दुखत असेल, रात्री अंथरुणात ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरची शक्यता धरून चालायचं. एका पायावर उडी मारून बघ, असं फोनवर सांगू नका. ती चाचणी तपासणाऱ्याने समोर उभं राहून करायची असते. तड्याची शंका असेल तर डॉक्टर बघेपर्यंत ड्रम खांद्यावर घ्यायचा नाही आणि मार्चिंगही नाही. दुखणं नडगीच्या अगदी पुढच्या धारेवर, मधोमध असेल तर जास्तच जपायचं, कारण तिथला तडा फार सावकाश भरतो आणि दुर्लक्ष झालं तर हाड पूर्ण मोडू शकतं. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे असा तडा एक्स-रेत बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. कंबरेचं म्हणाल तर पायात बधिरपणा, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही असेल तर थेट इमर्जन्सी रूम. तसं काही नसेल तर पुढचं सावकाश वाचा.

मी मूळची महाराष्ट्रातली फिजिओथेरपिस्ट. इथे येऊन अॅथलेटिक ट्रेनिंगचं मास्टर्स केलं आणि बरीच वर्षं मिडवेस्टमधल्याच एका विद्यापीठाच्या बँडबरोबर काम करते आहे. आपल्याकडे ट्रेनर म्हटलं की जिममधला माणूस डोळ्यांपुढे येतो, म्हणून सांगते: इथला अॅथलेटिक ट्रेनर हा परीक्षा देऊन प्रमाणित झालेला, जवळपास सगळ्या राज्यांत सरकारी परवाना लागणारा आरोग्य व्यावसायिक असतो. मैदानावरची तातडीची मदत, दुखापतीची तपासणी आणि पुन्हा उभं करण्यापर्यंतचं सगळं काम तो करतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्ये या कामाला आरोग्यव्यवसाय म्हणून मान्यता दिली.

फुटबॉलच्या ट्रेनरचा तुम्हाला राग आला असेल, पण त्याचे हात खरंच बांधलेले असतात. खेळाडूंचे डॉक्टर, ट्रेनर, त्यांचा विमा हे सगळं क्रीडा विभागाच्या पैशातून चालतं आणि ते संघाच्या यादीत नाव असलेल्यांसाठीच असतं. बँडचं नाव त्या यादीत नाही. बहुतेक विद्यापीठांत मार्चिंग बँड हा एक-दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम असतो आणि त्याचा कारभार बँड ऑफिसकडे किंवा संगीत विभागाकडे असतो. त्यामुळे त्याच मैदानावर, त्याच उन्हात, त्याच शनिवारी घाम गाळणाऱ्या दोन मुलांपैकी एकाचा पाय मुरगळला तर दोन मिनिटांत तीन माणसं धावतात, आणि दुसऱ्याला सोमवारी सकाळी आठ वाजता आरोग्य केंद्र उघडेपर्यंत थांबावं लागतं. हा फरक मला आजही खुपतो.

संगीताच्या बाजूने तरी कुणी बघतं का? नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिक ही मान्यता देणारी संस्था आपल्या विद्यालयांना सांगते की विद्यार्थ्यांना कानांच्या आणि शरीराच्या आरोग्याची माहिती द्या. परफॉर्मिंग आर्ट्स मेडिसिन असोसिएशन १९८९ पासून कलाकारांच्या आरोग्यावर काम करते. नॉर्थ टेक्सास विद्यापीठात तर यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. पण मोठ्या बँडमधली बहुसंख्य मुलं संगीताची पदवी घेतच नसतात. मैदानावर चालत अक्षर रचणारा पहिला बँड म्हणून १९०७ पासून ज्याचं नाव घेतलं जातं, त्या परड्यू विद्यापीठाच्या बँडमध्येही इंजिनिअरिंगची मुलं मोठ्या संख्येने असतात. तुमच्या मुलीसारखी मुलगी खेळाडूंच्या व्यवस्थेतही बसत नाही आणि संगीताच्या विद्यार्थ्यांच्या व्यवस्थेतही नाही.

आता तिचं शरीर नेमकं काय करतंय ते बघा, कारण आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बहुधा हे कुणी सांगितलेलं नसतं. बँडचं मानक पाऊल म्हणजे पाच यार्डांत आठ पावलं, प्रत्येकी साधारण ५७ सेंटीमीटर. वेग पुष्कळदा मिनिटाला १६० ठोक्यांच्या वर. मिडवेस्टमधल्या बऱ्याच जुन्या बँडांत मांडी जमिनीला समांतर येईल इतका गुडघा उचलायची पद्धत आहे. टेनर ड्रमचा संच हार्नेससकट, म्हणजे तो खांद्यांवर अडकवायच्या सांगाड्यासकट, १५ किलोच्या आसपास जातो. सूसाफोन, म्हणजे अंगाभोवती घालून फुंकायचं मोठं वाद्य, फायबरचा असला तरी दहा-बारा किलो, पितळेचा त्याहून बराच जड, आणि तोही एकाच खांद्यावर. त्यात कृत्रिम हिरवळ. उन्हात तिचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर तापू शकतो. ड्रमवाल्यांचं आणखी एक वेगळंच: ट्रंपेट वाजवणारा कंबरेत वळून आडवा चालू शकतो, ड्रमवाल्याला ड्रम प्रेक्षकांकडेच ठेवावा लागतो. म्हणून तो खेकड्यासारखा पायांची कात्री करत आडवा जातो. एका पायाने दुसऱ्यापुढून ओलांडायचं, आणि तेही भरभर. रचनेत सारखं एकाच दिशेला जायचं असलं की एका नडगीवर सगळा पिळा येतो.

माझ्याकडे एक बेस ड्रमवाला असाच आला होता. दवाखान्यातल्या टेबलावर पाय तपासला तर काही सापडत नव्हतं; गुडघा, घोटा, पाऊल सगळं ठीक. मी त्याला सांगितलं, उद्या ड्रम, हार्नेस आणि मार्चिंगचे बूट घेऊन ये. आला, ड्रम चढवला, आणि खोलीतच आठ पावलं चालला. हार्नेसची उंची आदल्या वर्षीच्या उंच मुलाची होती तशीच राहिली होती. ड्रम इतका खाली की गुडघा वर घेतला की कडेला लागायचा. ते टाळायला तो कंबरेतून मागे कलत होता, आणि मागे कललं की पाऊल टाचेवर आपटतं. बुटांचा तळ एका बाजूने पार घासलेला. पान्याने ड्रम दोन भोकं वर घेतला, बूट बदलले, आणि मग विचारलं, "या वर्षीच्या शोमध्ये तुझी सगळ्यात अवघड जागा कुठली?" त्याने फोनवर रचनेचा नकाशा दाखवला. एका ठिकाणी त्याला बत्तीस ठोके उजवीकडे आडवं जायचं होतं, आणि त्या आठवड्यात सगळा सराव त्याच तुकड्याचा चालला होता. दुखण्याचं कारण तिथे होतं. टेबलावर ते कधीच सापडलं नसतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की बँडमधल्या मुलाला तपासताना पहिला प्रश्न "कुठे दुखतं" हा नसावा. "तुला काय वाजवायचंय, किती चालायचंय, आणि पुढच्या शनिवारी तुझ्यासाठी काय महत्त्वाचं आहे" इथून सुरुवात करावी. "दोन आठवडे बँड बंद" हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा नसेलही, पण तो तिच्या आयुष्यात बसत नव्हता, म्हणून तिने तो घेतला नाही. आणि वाईट भाग असा की ती आता पुन्हा त्या डॉक्टरांकडे जाणार नाही. दुखणं वाढलं तरी लपवेल. अर्धवट पाळला जाणारा पण तिला पटलेला उपाय हा न पाळल्या जाणाऱ्या कडक उपायापेक्षा मला केव्हाही चालतो. अर्थात हे ताणाच्या दुखण्याबद्दल झालं. हाडाला तडा असेल तर तडजोड नाही. आतल्या कडेचा साधा तडा भरायलाही बहुधा सहा ते आठ आठवडे जातात, तेव्हा मोसमाचा बराच भाग गेलाच म्हणून समजायचं. पण तेव्हाही तिला बँडबाहेर काढायची गरज नसते.

ताणाचं दुखणं निघालं तर मी साधारण असं करते. सरावाला रोज यायचं, पण ड्रम मैदानाच्या कडेला स्टँडवर. संगीत पूर्ण वाजवायचं, हात आणि कान सुटू द्यायचे नाहीत. रचना शिकायची ती ड्रमशिवाय, साध्या चालीने, गुडघे न उचलता. दुखणं दहापैकी दोन-तीनच्या वर जात नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आदल्या दिवसापेक्षा वाईट नसेल, तर पुढची पायरी: ड्रम घेऊन जागच्या जागी पावलं. मग अर्धा सराव ड्रमसकट. शेवटी आडवं चालणं, तेही कमी लांबीचं. सोबत पोटऱ्यांचा जोर वाढवणारे व्यायाम, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून दोन्ही तऱ्हेने टाचा उचलणं, कारण नडगीला सावरणारा पोटरीतला खोल स्नायू गुडघा वाकलेला असतानाच जास्त काम करतो. सेक्शन लीडरला, म्हणजे तिच्या वाद्यगटाच्या प्रमुखाला, हे सगळं माहीत असावं, पण किती सांगायचं ते मुलीने ठरवायचं. "तिचा पाय जपायचाय, ती या आठवड्यात स्टँडवर वाजवेल" एवढं त्याला पुरतं.

नडगीच्या हाडाचा विषय निघाला की मी मुलींना आणखी दोन गोष्टी विचारते, आणि त्या दार लावून विचारते. पाळी नियमित येते का, आणि संध्याकाळी जेवतेस कधी? सराव चार ते सहा, मग लॅब, तोवर जेवणघर बंद. कितीतरी मुली चिप्सवर दिवस काढतात. अन्न कमी आणि कष्ट जास्त असं महिनोन्‌महिने चाललं की पाळी लांबते आणि हाडं कमकुवत होतात. त्यात आपल्या लोकांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास दिसते. रक्ताची ती तपासणी आरोग्य केंद्रातच होते, तिला आठवण करून द्या. शाकाहारी असेल तर सामन्याच्या दिवशी मिळणाऱ्या डब्यात हॅमचं सँडविच निघतं आणि पोरगी फक्त केळं खाऊन आठ तास उभी राहते, हे मी दरवर्षी बघते. बँड ऑफिसच्या फॉर्मवर आहाराचा रकाना असतो. तो भरलाय का ते विचारा.

मुलं दुखणं का लपवतात हेही समजून घ्या, नाहीतर तुम्हाला वाटेल तीच हट्टी आहे. बँड हा अभ्यासक्रम असल्यामुळे हजेरीला गुण असतात. शोमधल्या जागा मोजक्या, राखीव वादक वाट बघत असतात. ओहायो स्टेटच्या बँडमध्ये तर राखीव वादक नियमित वादकाला रीतसर आव्हान देऊन त्याची जागा घेऊ शकतो, आणि तो त्यांच्या परंपरेचा अभिमानाचा भाग आहे. अशा ठिकाणी पाय दुखतोय म्हणणं म्हणजे जागा सोडणं. काही बँडांत याहून काळी गोष्ट असते. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या 'मार्चिंग १००' या नामवंत बँडचा ड्रम मेजर, म्हणजे मैदानावर बँडचं नेतृत्व करणारा विद्यार्थी, रॉबर्ट चॅम्पियन नोव्हेंबर २०११ मध्ये बँडच्याच बसमध्ये, 'विधी' म्हणून झालेल्या मारहाणीनंतर गेला. त्यामुळे दंडावर, पाठीवर न पटणारे वळ दिसले तर मी मुलाला एकट्याला बसवून सरळ विचारते, "हे कुणी केलं?" तुमच्या मुलीच्या बाबतीत तसं काही नसेल. पण कोणताही मोठा बँड दुखणं सांगणाऱ्याला कमी लेखत असेल तर तिथला दवाखाना कितीही चांगला असून उपयोग नाही.

गुणांच्या प्रश्नाला उत्तर आहे. विद्यापीठात अपंगत्व आणि सवलतींसाठी वेगळं कार्यालय असतं, आणि तात्पुरत्या दुखापतीतही ते बहुतेक ठिकाणी मदत करतं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ती तिथे गेली तर "मैदानाच्या कडेला उभं राहून वाजवलं तरी हजेरी धरावी" असं पत्र मिळू शकतं. दिग्दर्शकाशी हुज्जत घालावी लागत नाही. बरेच दिग्दर्शक मनाने चांगले असतात, त्यांना फक्त लेखी आधार हवा असतो.

आता एक गोष्ट जी मराठी आई-वडिलांना जड जाते. तिची १८ वर्षं पूर्ण झाली, कायद्याने ती तिच्या आरोग्याची मालक आहे. तुम्ही आरोग्य केंद्राला फोन केलात तर "ती आमच्याकडे आली होती" एवढंही ते सांगणार नाहीत. भांडून उपयोग नाही. तिला विचारा की माहिती द्यायच्या संमतीपत्रावर तुमचं नाव घालायला तिची तयारी आहे का. त्यात कुठल्या आजारापुरती माहिती द्यायची हेही ठरवता येतं. तिने फक्त पायापुरतं नाव घातलं तर तेवढं स्वीकारा. तिच्या राज्याच्या नमुन्यातलं आरोग्य मुखत्यारपत्रही करून ठेवा, ती बेशुद्ध असेल तेव्हा निर्णय कुणी घ्यायचा त्याचं. आणि तिच्याऐवजी तुम्ही दिग्दर्शकाला फोन करू नका. मी अशा फोननंतर मुलं माझ्याकडे यायची बंद झालेली पाहिली आहेत.

विम्याचं बघू. वयाच्या २६ वर्षांपर्यंत मुलं आई-वडिलांच्या पॉलिसीत राहू शकतात हे खरं, पण तिथल्या गावातले डॉक्टर तुमच्या पॉलिसीच्या जाळ्यात असतील असं त्यातून होत नाही. कार्डावर बघा, एचएमओ (ठरलेल्या जाळ्यातल्याच डॉक्टरांचे पैसे देणारी) आहे की पीपीओ (जाळ्याबाहेरही थोडी मोकळीक देणारी). पीपीओ असेल तर बहुधा तिथे कुणीतरी सापडेल. न्यू जर्सीची एचएमओ असेल तर परराज्यात अनेकदा फक्त तातडीचे उपचार मिळतात, आणि तीन आठवडे दुखणारी नडगी त्यात बसत नाही. कंपनीला फोन करून विचारा की परराज्यात शिकणाऱ्या मुलांसाठी पाहुण्या सदस्यत्वाची (गेस्ट मेंबरशिपची) सोय आहे का. काही एचएमओंमध्ये ती असते आणि कुणी आपणहून सांगत नाही. नसेल तर पुढच्या सत्रासाठी विद्यापीठाची स्वतःची योजना घेण्याचा हिशोब करा. ऑगस्टमध्ये तुम्ही ती नाकारणारा फॉर्म भरला असेल.

पण यातलं काहीही नसलं तरी आरोग्य केंद्राची फी तुम्ही दर सत्राला भरलेलीच आहे. तिथली भेट बहुधा त्यातच धरलेली असते किंवा अगदी थोड्या पैशांत होते. पैसे लागतात ते तपासण्यांना. तिने पुन्हा तिथेच जावं, पण यावेळी वेळ घेतानाच म्हणावं, "मला स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना भेटायचंय." मोठ्या विद्यापीठांच्या केंद्रांत असे डॉक्टर बहुधा असतात, निदान आठवड्यातून काही तास. एमआरआय लिहून दिला तर आंधळेपणाने हॉस्पिटलात करू नका. स्वतंत्र इमेजिंग सेंटरमध्ये तोच एमआरआय पुष्कळदा बराच स्वस्त पडतो. विमा न वापरता रोखीने करणार असाल तर खर्चाचा लेखी अंदाज आधी मागण्याचा हक्क २०२२ पासून कायद्याने दिला आहे. फिजिओथेरपिस्टकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट जाण्याची मुभा आता सगळ्या ५० राज्यांत कुठल्या ना कुठल्या स्वरूपात आहे, मात्र पैसे भरताना विमा कंपनी चिठ्ठी मागू शकते. बँड ऑफिसला हेही विचारावं की बँडच्या मुलांसाठी अपघात विमा काढलाय का. काही विद्यापीठं काढतात.

खर्चाचं विवरणपत्र पॉलिसीधारकाच्या, म्हणजे तुमच्या घरी येतं. त्या भीतीने कित्येक मुली समुपदेशकाकडे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जातच नाहीत. तिला सांगून ठेवा की असा कागद आला तर तुम्ही प्रश्न विचारणार नाही. आणि मन फारच खचलं तर ९८८ हा क्रमांक देशात कुठूनही चोवीस तास लागतो, हे तिच्या फोनमध्ये असू द्या.

औषधांबद्दल स्पष्टच बोलते. सुट्टीत भारतात जाऊन आलेल्या प्रत्येक मुलीच्या बॅगेत कॉम्बिफ्लाम असतं. त्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. ती त्यावर इथलं अॅडविल घेते, म्हणजे पुन्हा आयबुप्रोफेन, आणि रात्री टायलेनॉल, म्हणजे पुन्हा पॅरासिटामॉल. तिला वाटतं तीन वेगवेगळ्या गोळ्या झाल्या. उन्हात, घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात आयबुप्रोफेनचा असा मारा मूत्रपिंडांना धोक्याचा असतो, आणि वर वेदना दबल्यामुळे तडा गेलेल्या हाडावर ती आणखी नाचते. सामन्याआधी गोळी घेऊन मैदानात उतरायचं नाही, एवढं वचन तिच्याकडून घ्याच.

पाण्याचीही गंमत नाही. गणवेशाची विजार छातीपर्यंत येणारी, वर जाड कोट, त्यावर हार्नेस. स्वच्छतागृहात जायचं तर सगळं उतरवावं लागतं, आणि वाजवणाऱ्यांना मोकळीक मिळते ती बहुधा हाफटाइमचा, म्हणजे मध्यंतराचा, शो झाल्यावर सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मला हे कुणी सांगितलं नव्हतं; पहिल्या फळीतल्या मुली चक्कर येऊन बसायला लागल्या तेव्हा एकेकीला विचारून कळलं. आता आमच्याकडे हाफटाइमच्या आधीही पाळीपाळीने सोडतात. दम्याचा पंप, एपिपेन (अॅलर्जीच्या जोराच्या झटक्यावरचं इंजेक्शन), मधुमेह असेल तर साखरेच्या गोळ्या, यांच्यासाठी गणवेशात खिसा आहे का, नसेल तर ते कुणाकडे ठेवायचं, हेही मोसमाआधी ठरलेलं असावं.

कान. ड्रमच्या रांगेत आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो, आणि निऑश या सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार १०० डेसिबल सुरक्षितपणे ऐकायची रोजची मर्यादा आहे १५ मिनिटं. फोमचे बोळे घातले तर सूर बोथट होतात, इशारे ऐकू येत नाहीत, म्हणून मुलं ते काढून खिशात टाकतात. वादकांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात, ते सगळे स्वर सारखेच कमी करतात. साधी जोडी परवडण्यासारखी असते. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहत असेल तर ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन एकदा पायाभूत तपासणी करून घ्या.

आणि ताई, तुमच्या प्रश्नात नव्हतं तरी विचारते: ती तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ढोल-ताशा पथकात वाजवते का? गणपती आणि फुटबॉलचा मोसम एकाच वेळी येतात. शनिवारी सामना, रविवारी मिरवणूक, कंबरेला दोरीने बांधलेला ढोल, असं असेल तर कंबरेचं अर्धं उत्तर तिथे आहे. तिथल्या अमेरिकन डॉक्टरांना हे विचारायचं सुचणारच नाही. तिने स्वतः सांगायला हवं, शक्यतो ढोल बांधलेला फोटो दाखवून.

बँड सोडायला लावावं का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. घरापासून हजार मैलांवर तिची माणसं तिथेच आहेत. पण पालक म्हणून तुम्ही एक गोष्ट जरूर करा, आणि ती तिच्या पायाशी न जोडता करा. बँड ऑफिसला लेखी विचारा: सरावाच्या मैदानावर एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं यंत्र, कुठे आहे? ऊन, दमटपणा, वारा मिळून मोजणारा डब्ल्यूबीजीटी वाचून सराव थांबवायचा अधिकार कुणाला आहे? उष्माघात झाला तर बुडवायला बर्फाच्या पाण्याचा टब तयार असतो का? मुलगा असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला आणि आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं असेल तर आधी थंड करायचं आणि मग हॉस्पिटलात न्यायचं. पहिल्या अर्ध्या तासात ते झालं तर मुलं वाचतात. नुसत्या अॅम्ब्युलन्सची वाट बघणारी योजना पुरेशी नाही. आणि शेवटी, सरावाला अॅथलेटिक ट्रेनर असतो का? नसेल तर विद्यापीठात अॅथलेटिक ट्रेनिंगचं मास्टर्स आहे का बघा. तिथल्या विद्यार्थ्यांना परवानाधारक शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचे तास लागतातच, ते बँडच्या मैदानावर देता येतात. मी सराव सुरू व्हायच्या आधी अर्धा तास मैदानाच्या कडेला टेबल मांडून बसते. वेळ घ्यावी लागत नाही, विमा लागत नाही, आणि दुखणं तीन आठवडे जुनं व्हायच्या आत समोर येतं. हे पत्र जानेवारी-फेब्रुवारीत पाठवा, पुढच्या वर्षाच्या पैशांचं ठरत असतं तेव्हा, आणि दोन-चार पालकांच्या सह्या घेऊन. पहिल्या वर्षी त्यांनी ट्रेनर फक्त ऑगस्टच्या बँड कॅम्पपुरता द्यायचं मान्य केलं तरी हो म्हणा. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात, आणि मुलं कोसळतात ती बहुधा त्याच दिवसांत.